पेमा बाहेर का बसली नाही?

१

पेमा मेली त्या दिवशी तातेरावांच्या मळ्यात हळद शिजत होती. घरातली माणसं सकाळपासून कढईपाशी राबत होती. दिवस मावळताना तातेरावांची आई जमनाबाई घरी आली, माजघरात गेली आणि तिथूनच किंचाळली.

तिची धाकटी सून पेमा भिंतीकडं तोंड करून पडली होती. वय तेवीस, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. लुगड्याचा पदर तिनं दातांत घट्ट धरला होता. अंथरूण रक्तानं भिजलं होतं. उशाशी पितळी पेला कलंडलेला, आणि त्याच्या तळाला काळपट काढ्याचा गाळ.

सकाळपर्यंत डोंगरकडा गावाचं ठरून गेलं. महिन्याच्या चार दिवसांत बाईनं गोठ्याशेजारच्या पडवीत बाहेर बसायचं, ही त्या घराची रीत. पेमा तीन महिने बाहेर बसली नव्हती. विधवा बाई, तीन महिने, आणि आता हा काढा. पोट पाडायला गेली आणि जीव गमावून बसली. औषध दिलं असणार गावची सुईण पारुबाई हिनं, कारण काल सकाळी तिला तातेरावांच्या अंगणातून निघताना शेजारणीनं पाहिलं होतं.

हे १९४१ साल. गाव निजामाच्या राज्यातलं, आणि कायदा चालवायला कळमनुरीहून आलेले पोलीस अमीन नासेरसाहेब. त्यांनी पारुबाईला चावडीच्या खांबाला बांधून टाकलं. आता पंचनाम्यात एकच ओळ भरायची राहिली होती. ती ओळ एखाद्या बाईनंच तपासून सांगायची, म्हणून त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला छकडा पाठवून बोलावून घेतलं.

फातिमाबी पंचेचाळिशीची, हडकुळी बाई. हैदराबादला शिकलेली. पत्र्याच्या डबीत स्वतःचा साबण घेऊन फिरायची आणि कुणाशी बोलायच्या आधी हात धुवायची. गावोगावच्या बाया तिला साबणवाली बी म्हणत.

ती पेमापाशी अर्धा तास होती. बाहेर आली, पुन्हा हात धुतले आणि अमीनसाहेबांना परसात बाजूला घेतलं.

"लिहू ना, बी? तीन महिन्यांचा हमल होता?" साहेबांनी कागद काढला.

"लिहा, साहेब. नव्हता."

साहेबांचा हात थांबला. "काय?"

"पिशवी कोवळ्या पोरीएवढी आहे. हिला आजवर कधीच दिवस गेलेले नाहीत. काल ती पाळीत होती, कमरेला फडकं तसंच आहे. त्यात हा जालीम काढा पोटात गेला आणि रक्त थांबलंच नाही." फातिमाबीनं आवाज आणखी खाली घेतला. "पोटात जे नव्हतंच, ते पाडायला ही काढा कशाला पिईल?"

२

"मला दुपारची मोटार गाठायची आहे," अमीनसाहेब चालता चालता म्हणाले. "म्हातारीला परभणीला रवाना करायचंय. तोवर काय विचारायचं ते विचारा. गरोदर असो नसो, दवा तर तिनंच दिली ना?"

पारुबाई सत्तरीला टेकलेली होती. दोरीनं तिच्या मनगटाची कातडी सोलली होती. फातिमाबीनं दोरी सैल करवली, तिला पाणी पाजलं आणि समोर मांडी घालून बसली.

"काल तिथं कशाला गेली होतीस?"

"तातेरावाच्या बायकोची, आशाबाईची, तान्ही पोरगी चोळाया. दोन महिन्याची हाय. रोजच जाते."

"पेमाला काय दिलंस?"

"काय बी न्हाई. ती पहाटंच मळ्यात गेलती. म्या तिचं तोंडबी पाह्यलं न्हाई."

"पण पोट पाडायची मुळी तू देतेस."

म्हातारीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, रागच होता.

"देते. तुमच्या दवाखान्यात कोण येतं, बी? एक लेकरू अंगावर पिऊन राह्यलं, दुसरं पोटात, अन् अंगात रगत न्हाई. नवऱ्याला सांगता येत न्हाई, सासूला सांगता येत न्हाई. ती माझ्या पाया पडती. काय करू म्या? पर पोटाला हात लावल्याबिगर म्या कुणाला देत न्हाई. दुसरीसाठी मागाया आली तर हाकलून देते. पेमाच्या पोटाला हात लावला असता तर कळलं नसतं का मला?"

"काय कळलं असतं?"

"आत काय हाय अन् काय न्हाई ते."

फातिमाबी जरा पुढं सरकली. "पारुबाई, त्या घरातल्या कुणाला आधी दिली होतीस का?"

पारुबाईनं तोंड मिटलं.

"हे तुला परभणीला नेणार. तिथं फाशीसुद्धा होईल."

"होऊ द्या. ज्या बाईनं माझ्यापुढं पोट उघडं केलं तिचं नाव म्या कुणापुढं घेत न्हाई."

अमीनसाहेब वैतागून उठले. "पाहिलंत? सांगत नाही. म्हणजे हीच."

फातिमाबी उठली नाही. मघाशी पेमाचं विचारल्यावर म्हातारी झटक्यात न्हाई म्हणाली होती. या प्रश्नाला ती न्हाई म्हणाली नव्हती. ती मुळी त्या घरात गेली होती, कधीतरी. आणि ज्या बाईनं ती नेली ती अजून जिवंत होती.

३

तातेराव ओसरीवर उभेच होते. चाळिशीचा उंचापुरा माणूस. दोन्ही तळवे हळदीनं पिवळेजर्द.

"बी, तुमचं काम झालं न्हवं? लाकडं रचून ठेवलीत. माणसं ताटकळून राह्यलीत."

"झालंच. एक सांगा, पेमाला दिवस गेलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया काहून पाह्यजे? तीन महिने बाहेर बसली न्हाई ती."

"पुरुषमाणसाला एवढं बारीक ठाऊक?"

तातेराव हळदीचे तळवे धोतराला पुसू लागले. त्यांनी अमीनसाहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नजर चुकवली, पण ही चुळबुळ त्यांच्याही लक्षात आली.

सुतक पडल्यामुळं कालपासून चूल पेटली नव्हती. स्वयंपाकघरात कुणी कशाला हात लावला नव्हता. एरवी फातिमाबीला त्या उंबऱ्याशी कुणी उभं केलं नसतं. आज कुणी अडवलं नाही. ती दारातच उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली.

"साहेब, या घरात हळद कुठं कुठं लागलीय बघा."

साहेबांनी पाहिलं. दाराच्या चौकटीवर पिवळा पंजा. कडीवर बोटं. पाण्याच्या रांजणावर, खुंटीवर, तातेरावांनी ठेवलेल्या कंदिलावर पिवळे डाग. मळ्यातून जो जो आला त्यानं जिथं हात लावला तिथं खूण उमटली होती.

"पेमासुद्धा दुपारपर्यंत कढईपाशी होती," फातिमाबी म्हणाली. "सासू सांगते, पोटात दुखतंय म्हणून घरी आली. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे आहेत. तिच्या उशाच्या पेल्यावर पाचही बोटं उमटलीत. आता हे बघा."

तिनं आत जाऊन चुलीवरचं पातेलं उचललं. त्याच्या तळाला तोच काळपट गाळ होता. काठ स्वच्छ. सांडशी स्वच्छ. फुंकणी स्वच्छ. गुळाच्या बरणीचं झाकण स्वच्छ.

अमीनसाहेबांना उलगडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे पेमानं काढा स्वतः केला नाही."

"नाही. मळ्यातून आलेल्या कुणीच केला नाही. ज्याचे हात कोरे होते त्यानं केला, आणि पेमाच्या हातात आयता पेला दिला."

"मग म्हातारीच! तिचे हात कुठं पिवळे आहेत?"

फातिमाबीनं मागं वळून जमनाबाईला हाक मारली. सासू भिंतीला टेकून बसली होती. "जमनाबाई, काल पारुबाई चुलीपाशी आली होती का?"

"आमच्या चुलीपाशी?" त्या दुःखातही जमनाबाईचा चेहरा आंबला. "ती? अंगणाच्या फुडं तिला कधी येऊ दिलं न्हाई. लेकरू अंगणात न्हेऊन देतात, तितंच चोळती."

साहेबांनी कागदाची घडी केली. पारुबाईला सोडवणारं वाक्य आपण बोललो, हे जमनाबाईला कळलंही नव्हतं.

"मग काल घरात उरलं कोण?" साहेबांनी विचारलं.

आतल्या खोलीत तान्हं मूल रडायला लागलं, आणि कुणीतरी त्याला घाईघाईनं पदराखाली घेतलं.

४

"आत्ता उचलतो तिला," अमीनसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"थांबा, साहेब. हात कुणाचा ते कळलं, कारण कुठं कळलंय? पेमाला पाळी येत होती, तर ती बाहेर का बसली नाही? ती चार दिवस पडवीत बसली असती तर तिच्यावर कुणी संशय घेतला नसता. आज जिवंत असती."

साहेबांनी सूर्याकडं पाहिलं. "थोडा वेळ देतो. जास्त नाही."

फातिमाबी जमनाबाईपाशी गेली. "तिला शेवटचं नेसवायला धडकं लुगडं द्या."

जमनाबाई उठली. माजघरात कोपऱ्याला तिचं स्वतःचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं, त्याला लागून पेमाचं. तिनं आपलं गाठोडं सोडलं, आतलं लुगडं ओढलं, आणि त्याबरोबर मऊ फडक्यांची एक घडी बाहेर पडली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, धुऊन वाळवलेल्या. धुतल्यावरही डाग पुरते गेले नव्हते.

जमनाबाईनं झटकन त्यांवर पाय दिला.

"ही तुमची नाहीत," फातिमाबी म्हणाली. "तुमचं ते सगळं सुटून दहा वर्षं झाली असतील."

सासूनं पाय काढला नाही.

"पेमाची आहेत. ती तुमच्या गाठोड्यात लपवत होती, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. या घरात माझी सावली चुलीवर पडू देत नाहीत, आणि तुम्ही विटाळातल्या सुनेला तीन महिने आपल्या अंथरुणाशेजारी निजवलंत. काहून, जमनाबाई?"

जमनाबाईनं गाठोड्याची गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"काल रात्रीपासून सगळं गाव तिला पोटुशी म्हणून राहिलंय. खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

जमनाबाईनं ओसरीकडं पाहिलं. तिथं तातेराव माणसांशी बोलत होते. मग ती खाली बसली आणि फडकी गोळा करून तिनं छातीशी धरली.

"पडवीला कडी न्हाई, बी," ती म्हणाली.

एवढंच. फातिमाबीला आणखी काही विचारावं लागलं नाही.

५

आशाबाई पोरीला पाजत बसली होती. तिच्या भोवती चार मुली एकमेकींना चिकटून बसलेल्या. सगळ्यात मोठी दहा वर्षांची असेल. फातिमाबीनं मुलींना परसात पाठवलं आणि दार लोटलं.

"पारुबाईनं तुझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "घेणारही नाही."

आशाबाईचा हात पोरीच्या डोक्यावर थांबला.

"मुळी तुला कधी दिली होती तिनं?"

आशाबाई बोलायला लागली, एखादी जुनी हकिगत सांगावी तशी, सपाट आवाजात.

"चौथीच्या पाठीवर. ती नऊ महिन्यांची व्हती अन् मला पुन्हा राह्यलं. चौथीच्या येळंला म्या मरता मरता वाचले व्हते. पारुबाईनं हात लावला, म्हणली, हे ठिवलंस तर तू ऱ्हात न्हाईस. तिनं मुळी दिली, तिच्याच म्होरं घेतली. उरलेली जाळ म्हणली. म्या न्हाई जाळली."

"काहून?"

"पुन्हा लागंल म्हणून. ही पाचवी झाली. पोरगा होईस्तवर ते थांबत न्हाईत, बी. सहाव्यांदा म्या कुणाच्या दारात जाऊ? पेटीत ठिवून दिली व्हती. माझ्यासाठीच ठिवली व्हती."

"आणि काल पेमाला दिलीस."

आशाबाईनं डोळे मिटले. "कार्तिकात म्या बाळंतपणाच्या आधी माह्यरी गेलते. परत आले तर ती बाहेर बसंना. हे तिच्याकडं बघंनात, ती ह्यांच्या वाऱ्याला उभी ऱ्हाईना. मला काय कळत न्हाई? ह्यांचंच हाय असं वाटलं. तिला पोरगा झाला तर हे तिच्यासंगं म्होतूर लावतील, तिला बायकू करतील अन् मला पाच पोरी घिऊन बसवतील कोपऱ्यात. काल दुपारी ती आली. म्हणली, आक्का, पोटात लई दुखून राह्यलं. म्हणलं, सुंठ-गुळाचा काढा देते."

"ती काही म्हणाली?"

"हसली." आशाबाईचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तीन महिने म्या तिच्याशी बोलले नव्हते. म्या हातानं पेला दिला तर हसली ती."

"तळमळली असेल. तू बाजूच्याच खोलीत होतीस."

"ओरडली न्हाई. दातात पदर धरून पडली. मला वाटलं, हे असंच असतंय, मीबी अशीच पडले व्हते. म्या मेले न्हाई, मंग ती कशी मरंल? पोट मोकळं झालं तर तीबी सुटंल, विहिरीत जायची येळ येणार न्हाई तिच्यावर, असंबी मनात आलं. खोटं न्हाई सांगत."

फातिमाबीला हे वाक्य टाळता आलं असतं. तिनं टाळलं नाही.

"आशाबाई, पेमाला दिवस गेलेच नव्हते."

आशाबाई तिच्याकडं बघत राहिली. जणू हे मराठीतलं बोलणंच नव्हतं.

"ती पाळीत होती. म्हणून पोट दुखत होतं."

"मंग... मंग ती बाहेर का बसली न्हाई?"

"तुझा नवरा पडवीत आला म्हणून. ती सासूपाशी पळाली, त्यानंतर सासूनं तिला घरात लपवलं. कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा."

पोरगी पिता पिता झोपली होती. आशाबाईनं तिला मांडीवरून उतरवलं, पुन्हा उचललं, पुन्हा उतरवलं. काय करावं ते तिच्या हातांना कळत नव्हतं.

"पारुबाई बांधलेली आहे," फातिमाबी म्हणाली. "आत्ता तिला नेतील. मला बाहेर जाऊन खरं सांगावंच लागेल. पण मी सांगण्याआधी तू सांगितलंस तर अदालतीत त्याला मोल आहे. तेवढंच मी तुझ्यासाठी करू शकते."

बाहेर छकड्याला बैल जुंपल्याचा आवाज आला. आशाबाई उठली. पोरीला खांद्यावर घेतलं, पदर डोक्यावरून नीट केला आणि सगळ्या माणसांदेखत ओसरी उतरून चावडीकडं चालू लागली. तातेराव दोनदा ओरडले, "आशे, कुठं निघालीस?" तिनं मागं पाहिलं नाही.

खांबापाशी जाऊन तिनं स्वतःच्या हातानं पारुबाईची दोरी सोडायला घेतली. अमीनसाहेबांनी तिला अडवलं नाही.

"म्या दिला काढा," ती म्हणाली. "हिनं न्हाई."

६

खटला ज्येष्ठात परभणीला उभा राहिला. सरकारी वकिलाला तो सोपा वाटत होता: जावाजावांतला मत्सर, घरात साठवलेलं विष, विश्वासानं घेतलेला पेला. असंच ठरलं असतं तर आशाबाई जन्मभर आत गेली असती.

पारुबाईला मुळी कुणाला दिली असं विचारलं. "आठवत न्हाई," म्हणाली. आशाबाईनं स्वतः कबूल केलंय असं सांगितलं, तरी म्हणाली, "तिला आठवत आसंल. मला न्हाई." मुळी देणं हा गुन्हाच होता. तिला सहा महिने झाले.

फातिमाबीनं मृत बाई गरोदर नव्हती असं शपथेवर सांगितलं. पेमाचा बाप मागच्या बाकावर बसला होता. मुलीनं तोंड काळं केलं म्हणून तो तिच्या मातीला आला नव्हता. ते शब्द ऐकून त्यानं धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं आणि खटला संपेपर्यंत वर काढलं नाही.

मग आशाबाईच्या वकिलानं जमनाबाईला उभं केलं. तातेराव पहिल्या बाकावर होते. आईनं काय बोलायचं ते त्यांनी छकड्यात बसल्यापासून तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मयत सून आजारी असायची, म्हणून सूट दिली होती. बाकी काही ठाऊक नाही.

वकिलानं विचारलं, "तुमची सून पेमा तीन महिने बाहेर का बसली नाही?"

जमनाबाईनं कठडा दोन्ही हातांनी धरला. ती खाली बघत होती. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"भ्याली व्हती."

"कुणाला?"

तातेराव खाकरले. जमनाबाईनं मान वर केली आणि थेट त्यांच्याकडं पाहिलं.

"माझ्या लेकाला," ती म्हणाली. "हा भर रात्री पडवीत शिरला. तिनं हाताला चावा घेतला अन् माझ्याकडं पळून आली. म्या तिला जवळ निजवलं, पर कुणाला बोलले न्हाई. घराची अब्रू म्हणलं. थोरलीला एक शब्द बोलले असते तर दोघीबी वाचल्या असत्या. त्या काढ्यात माझाबी हात हाय, साहेब. ते लिवा."

कारकुनानं ते लिहून घेतलं.

आशाबाईला चार वर्षं झाली. तान्ही तिच्याबरोबर आत गेली. तातेरावांवर कसलाच खटला झाला नाही. तक्रार करणारी मेली होती, आणि पडवी त्यांच्याच घराची, तिथं शिरणं गुन्हा ठरत नव्हता.

संध्याकाळी अदालतीबाहेर लिंबाखाली त्यांचा छकडा उभा होता. जमनाबाई चारही नातींना घेऊन बाहेर आली. ती छकड्यापाशी न थांबता पुढं गेली.

"आई, बस," तातेराव म्हणाले. "पोरींना घे. घरी बोलू."

जमनाबाईनं धाकटीला कडेवर घेतलं आणि मोठीचा हात धरला. आयुष्यात ती कधी एकटी परगावी गेली नव्हती. रस्त्यावर उभी राहून तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग साबणाची डबी पिशवीत टाकत असलेल्या फातिमाबीपाशी गेली.

"बी," तिनं विचारलं, "माझा भाऊ वसमतला ऱ्हातो. तिकडची मोटार कुठनं सुटती?"